पत्त्यांचं हळदीकुंकू

आमच्याकडे दर रविवारी ब्रिज असायचा. सकाळचा चहा झाला की चौघं टेबलाला जी चिकटायची, ती जेवणाच्या हाका मारमारून माझा घसा बसला की उठायची. कलकत्त्याला बदली होऊन आम्हाला तिसरं वर्ष लागलं होतं. बालीगंजला दुसऱ्या मजल्यावर ऐसपैस फ्लॅट, खाली ट्रामचा खडखडाट, आणि ऑफिसात ह्यांना जे सुख मिळत नव्हतं ते सगळं ह्यांनी त्या चौकोनी टेबलाभोवती गोळा केलेलं. मला पत्ते येत नाहीत आणि शिकायची हौसही नाही. तरी १९५४ सालच्या दुर्गापूजेच्या आधी त्या टेबलावर जे घडलं ते मी डोळ्यांनी पाहिलं. ज्यांना ज्यांना ते सांगितलं त्यांनी 'काहीतरीच हं वृंदाताई' म्हणून उडवून लावलं, म्हणून आता सविस्तर लिहूनच काढते.

गोष्ट माझ्या नणंदेची, श्यामलावन्संची. ह्यांच्यापेक्षा धाकट्या, माझ्यापेक्षा मोठ्या. सतराव्या वर्षी त्यांना वाईला दिलं आणि पंचविशीच्या आतच नवरा विषमज्वरानं गेला. मूल नव्हतं. मोठ्या कुटुंबात अशा बाईचं काय होतं ते मी सांगायला नको. दोन्ही वेळचा स्वयंपाक त्यांच्याकडे आला आणि तो पुन्हा कुणी मागून घेतला नाही. हवापालट म्हणून ह्यांनी त्यांना कलकत्त्याला आणलं ते माझ्या आग्रहानं, आणि हे मी अभिमानानं सांगते.

आल्या तेव्हा वन्सं बोलायच्याच नाहीत. मग एकदा कुणालातरी उतरवून घ्यायला आम्ही दोघी सियालदहला गेलो. लोकल गाड्या येत होत्या आणि त्यांतून मुली उतरत होत्या, पूर्व बंगालातून उठून आलेल्या घरांतल्या. खांद्याला पिशवी, पिशवीत डबा, पदर खोचलेला आणि ऑफिस गाठायची घाई. वन्सं त्यांच्याकडे अशा बघत राहिल्या, जशी मी साड्यांच्या दुकानाकडे बघते. परत येताना ट्राममध्ये म्हणाल्या, "वहिनी, मी परीक्षा दिली तर?"

स्कूल फायनलला, म्हणजे इथल्या मॅट्रिकला, त्या बाहेरून बसल्या. अभ्यास किती केला ते मी बघितलं आहे. इंग्रजी सुटलं, गणित सुटलं, इतिहास-भूगोलात गेल्या. "पाठ होतं हो सगळं," त्या म्हणाल्या. "पेपर समोर आला आणि पाटी पुसल्यासारखं झालं. हे गेल्यापासून माझ्या डोक्यात काही टिकतच नाही." हे इतक्या शांतपणे म्हणाल्या की मला त्याचाच राग आला. रडल्या असत्या तर निदान समजूत घालता आली असती.

तेवढ्यात वाईहून वन्संच्या थोरल्या दिरांचा निरोप आला. सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत, धाकट्या जावेला दिवस गेलेत, श्यामलाला पाठवून द्या. ह्यांच्या ऑफिसातलं एक कुटुंब पूजेच्या सुट्टीत बदलीवर पुण्याला निघालंच होतं. बाईमाणसाला सोबत मिळाली की आमच्याकडे निम्मा निर्णय होऊन जातो. उरलेला निम्मा ह्यांनी जेवताना सांगून टाकला. "परीक्षा देऊन पाहिली, नाही जमली. आता तिची तिथं गरज आहे." हे काही दुष्ट नाहीत. बहिणीवर जीव आहे त्यांचा. पण फुकटची स्वयंपाकीण म्हणून तिला परत पाठवतो आहोत हे त्यांच्या ध्यानातच येत नव्हतं, आणि माझी मात्र तळपायाची आग मस्तकात गेली होती. मी दोन दिवस ह्यांच्याशी वाढण्यापुरती बोलले. काही उपयोग झाला नाही.

आणि मग रविवार आला.

टेबलाच्या चौघांत एक चारुदत्त प्रोफेसर होते. आजोबांपासून घराणं कलकत्त्यात, त्यामुळे त्यांचा जन्म, शाळा, कॉलेज सगळं इथलंच. गणित शिकवायचे. मराठी उत्साहानं बोलायचे, पण मधूनच बंगाली डोकवायचं. काही फार आवडलं की 'भीषण सुंदर' म्हणायचे आणि नव्यानं बदलून आलेली मंडळी दचकायची. उरलेले दोघे बँकेतले. ते बोलायचे कमी आणि खायचे जास्त.

प्रोफेसर आदल्या दिवशी कुठल्याशा हॉलमध्ये स्मरणशक्तीचे प्रयोग बघून आले होते. एका माणसानं पिसलेला जोड एकेक पान करत पाहिला आणि मग डोळे मिटून बावन्नच्या बावन्न पानं क्रमानं सांगितली म्हणे.

"हातचलाखी असेल," हे म्हणाले.

"नाही शशिकांतराव, रीत आहे ती. मी त्याला नंतर गाठून विचारलं. मनात एक ओळखीची वाट धरायची. आपलं घर, आपला जिना, आपली गल्ली. त्या वाटेवर जागा ठरवायच्या आणि जागोजाग एकेक पान ठेवत जायचं. मग मनातल्या मनात त्याच वाटेनं परत चालायचं आणि उचलत जायचं. वाट आपण विसरत नाही, म्हणून पानं पण विसरत नाही."

वन्सं चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. पुरुषांच्या बैठकीत त्या चकार शब्द काढत नसत. त्या दिवशी काढला.

"पण पानं तर सगळी सारखीच दिसतात. किलवरची सत्ती काय आणि अठ्ठी काय. जागेवर ठेवली तरी ओळखायची कशी?"

प्रोफेसर खुर्चीसकट वळले. "भीषण सुंदर प्रश्न! पान ठेवायचंच नाही, माणूस ठेवायचा. एकेक पान म्हणजे तुमच्या ओळखीचं एकेक माणूस. किलवरची सत्ती म्हणजे, समजा, तुमच्या शाळेतल्या बाई. एकदा ठरलं की ठरलं. आणि त्या माणसाला त्या जागी काहीतरी करायला लावायचं. जितकं विचित्र, तितकं चांगलं. साधं चित्र पुसलं जातं, विचित्र चित्र राहतं."

हे हसले. "प्रोफेसर, तुम्ही भलत्याच माणसाला शिकवताय. हिच्या डोक्यात अकबर आणि औरंगजेबसुद्धा वेगवेगळे राहिले नाहीत."

बँकेतले दोघेही हसले. मी स्वयंपाकघराच्या दारातून ह्यांच्याकडे असं काही बघितलं की दुसरं कुणी असतं तर जागच्या जागी गप्प झालं असतं. वन्संनी ट्रे टेबलावर ठेवला.

"दादा, आणि जमलं तर?"

"काय जमलं तर?"

"हा सगळा जोड. क्रमानं."

चारचौघांत, हसण्याच्या भरात, हे बोलून गेले. "जमलं तर वाईला कळवतो, श्यामला येत नाही. आणि परीक्षेचा फॉर्म मी स्वतः जाऊन आणतो."

प्रोफेसरांनी टेबलावर थाप मारली. "साक्षीला आम्ही तिघं!"

ह्यांचं हसू जरा उतरलं. खेळातला माणूस, शब्द फिरवणार नव्हते, पण अट घातल्याशिवाय राहणारही नव्हते. "मात्र एक पान चुकायचं नाही. ब्रिजमध्ये 'जवळजवळ' नसतं. आणि एकदाच, सोबत निघायच्या आधीच्या रविवारी."

"बरं," वन्सं म्हणाल्या आणि रिकामा ट्रे घेऊन आत आल्या.

दुसऱ्या दिवसापासून दुपारची आवराआवर झाली की आम्ही दोघी पत्ते घेऊन बसू लागलो. मी एकेक पान उलटायचं, त्यांनी बघायचं. सगळी झाली की त्यांनी डोळे मिटून सांगायचं आणि मी ताडून बघायचं. पहिले काही दिवस नुसता आनंदीआनंद. आठ-दहा पानांवर गाडी अडायची. मी चिडायचे, त्या चिडायच्या नाहीत, त्यामुळे मी आणखी चिडायचे. मग एका दुपारी त्या पोळपाट धुऊन बाहेर आल्या त्या वेगळ्याच चेहऱ्यानं.

"आज पिसा बरं," म्हणाल्या.

त्या दिवशी अर्धा जोड न अडखळता झाला. आणखी चार दिवसांनी सगळा. काय सांगू तुम्हाला! मी पत्ते मांडीवर घेऊन बसले होते आणि समोर ही बाई डोळे मिटून एका लयीत सांगत चालली होती, चौकटची नव्वी, बदामचा गुलाम, किलवरची तिर्री, इस्पिकची पंजी. आणि माझ्या हातात पान उलटून बघावं तर तेच. मधूनच गालातल्या गालात हसायच्या. डोक्यात काही टिकत नाही म्हणे! माझ्या अंगावर काटा आला. ह्या डोक्याला वाईला नेऊन आमटीला फोडणी द्यायला बसवणार होते.

फक्त एक पान राहायचं.

शेवटपर्यंत सांगून झालं की एक पान कमी भरायचं. पहिल्यांदा मी म्हटलं, होतं असं. दुसऱ्यांदाही तेच झालं आणि पान तेच निघालं, इस्पिकची राणी. मग मी पत्ते पुन्हा पुन्हा पिसले. राणी सुरुवातीला असो, मध्ये असो की शेवटून दुसरी असो, वन्सं तिच्यावरून अशा पुढं जायच्या की जणू ती जोडात नाहीच. आधीचं पान बरोबर, नंतरचं पान बरोबर.

"अहो, एक राहिलं हे तुम्हाला कळतं ना?" मी विचारलं.

"कळतं. कुठलं राहिलं तेही कळतं. कुठं राहिलं ते कळत नाही. पाय तिथं थांबतच नाहीत."

"पण तुम्ही नक्की करता तरी काय? कुठल्या वाटेनं जाता?"

त्यांनी विषय बदलला. मी दोन दिवस पिच्छा पुरवला. शेवटी गॅलरीत तांदूळ निवडत बसलो होतो तेव्हा म्हणाल्या, "हसणार नाही ना?"

"हसेन. सांगा."

"हळदीकुंकू करते."

मला आधी काही समजलंच नाही. मग त्यांनी सगळं उलगडून सांगितलं. बदाम म्हणजे माहेरची माणसं, चौकट सासरची, किलवर वाईच्या आळीतली आणि शाळेतली, इस्पिक इथली, कलकत्त्याची. ओळ सुरू व्हायची आमच्या फ्लॅटच्या दारापासून. दार, चपलांचं कपाट, छत्र्यांचा स्टँड, कोच, रेडिओ अशी घरभर. घर संपलं की जिना, मग खालच्या मजल्यावरच्या बंगाली शेजारणीचं, लीनाबौदींचं दार, मग फाटक, मग पानवाला, आणि तिथून थेट ट्रामच्या थांब्यापर्यंत. पान दिसलं की त्या माणसाला पुढच्या जागी बसवायचं. आणि सांगायची वेळ आली की हातात कुयरी घेऊन दारापासून निघायचं, एकेकाला हळदीकुंकू लावत जायचं.

"पुरुषांनासुद्धा?"

"प्रोफेसर म्हणाले ना, विचित्र पाहिजे. बदामचा राजा म्हणजे आमचे अण्णा. त्यांच्या टकलाला हळद फासते. चौकटचा राजा म्हणजे थोरले भावजी. ते जिथं बसतील तिथं ओटी पसरतात, मी त्यात नारळ घालते आणि त्यांचं धोतर टरकन फाटतं."

मी इतकी हसले की सूप कलंडलं. "आणि मी कोण?"

"इस्पिकचा एक्का. तुम्हाला लावायला गेलं की तुम्ही आधी विचारता, कुंकू कुठल्या दुकानातलं."

"विचारायलाच पाहिजे, हल्ली भेसळ किती असते," मी म्हटलं. तांदूळ गोळा करता करता, हसण्याच्या ओघातच, पुढचं विचारलं. "आणि इस्पिकची राणी कोण?"

त्या तांदळातले खडे वेचत राहिल्या.

"ती मीच."

मी हात थांबवले. त्याच पुढं बोलल्या, हळू आवाजात. "चैत्रात तुमचं हळदीकुंकू असतं ना, वहिनी. इथल्या सगळ्या मराठी बायका येतात. मी आत डाळ वाटते, पन्हं करते, हरभरे भरून देते, तुम्ही बाहेर नेता. बाहेर येऊ नका असं मला कुणी म्हटलं नाही. या असंही कुणी म्हटलं नाही. मी आत बसून ऐकायची. कोण आलं, कुठं बसलं, कुणाचा आवाज कोचाजवळून येतोय, कुणाचा रेडिओजवळून. तुमची अख्खी ओळ मला आतूनच पाठ झाली होती. म्हणून तर ही वाट सुचली. आता त्याच ओळीतून मी लावत जाते. सगळे कपाळ पुढं करतात. माझ्यापाशी येते, पांढरी साडी दिसते, आणि हात आपला पुढच्या बाईकडे जातो. मुद्दाम नाही हो करत. सवयच आहे. हळदीकुंकवात अशा बाईपाशी कधी कुणी थांबतं का?"

मला भयंकर राग आला. कुणावर ते कळेना, म्हणून सूप आपटून ठेवलं. एवढं हिकमती डोकं, माहेर, सासर, आळी, शाळा सगळी ट्रामच्या थांब्यापर्यंत ओळीनं बसवणारं, आणि त्या ओळीत ते स्वतःला मात्र ओलांडून जात होतं. मला त्यांचा इतका अभिमान आणि इतकं वाईट एकाच वेळी कधी वाटलं नव्हतं.

पण रविवार जवळ येत होता आणि नुसतं वाईट वाटून भागणार नव्हतं. मी म्हटलं, राणी दुसऱ्या कुणाला देऊन टाका, लीनाबौदींना द्या. त्यांनी करून पाहिलं. लीनाबौदी आधीच इस्पिकची दश्शी होत्या, त्या दोन ठिकाणी दिसू लागल्या, शेजारची माणसं हलली आणि त्या दिवशी वीस पानं चुकली. "नको वहिनी," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा जे बसलं ते बसलं. एकाला उठवायला गेलं की सगळी पंगत उठते."

शेवटी मी सरळ लबाडी सुचवली. "मी प्रोफेसरांच्या मागं उभी राहते. राणी आली की खोकते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मला वाईला जायचं नाही, वहिनी. पण खोकल्यावर राहायचंही नाही."

शनिवारी दुपारी शेवटची उजळणी केली. पुन्हा तेच, राणी नाही. संध्याकाळी सोबतीचं कुटुंब मेलच्या तिकिटांचं सांगायला येऊन गेलं. ह्यांनी कॉटखालून वन्संची ट्रंक काढून पुसून ठेवली होती.

रविवारी टेबलाला पाचवी खुर्ची लावली. वन्सं त्या टेबलाशी पहिल्यांदाच बसत होत्या. प्रोफेसरांनी पत्ते पिसले, बँकेतल्या दोघांनी काटले, ह्यांनी पुन्हा पिसले. मग प्रोफेसर एकेक पान दाखवत गेले आणि वन्सं बघत गेल्या, कुणी लग्नाला आलेली माणसं दारात बघून घ्यावीत तशा. शेवटचं पान झालं. प्रोफेसरांनी जोड पालथा करून हातात धरला. मी त्यांच्या खुर्चीमागं उभी राहिले. मी खोकणार नव्हते, पण दूर उभं राहणंही मला शक्य नव्हतं.

वन्संनी डोळे मिटले. "किलवरची छक्की."

प्रोफेसरांनी वरचं पान उलटलं. किलवरची छक्की.

"बदामची दुर्री. इस्पिकचा एक्का." तो मी. "चौकटची सत्ती. चौकटचा गुलाम. बदामची दश्शी."

आधी दोघे बँकवाले एकमेकांकडे बघून मिश्किल हसत होते. दहा पानांनंतर ते थांबलं. वीस पानांनंतर एकाच्या हातातला सामोसा तोंडापर्यंत जाऊन तसाच राहिला. प्रोफेसर मोठ्या अदबीनं पान उलटायचे आणि टेबलावर ठेवायचे. 'चौकटचा राजा' म्हणताना वन्संच्या गालाला खळी पडली, धोतर फाटलं होतं, आणि मला पदर दातांत धरावा लागला. ह्यांची सिगारेट रक्षापात्रात आपोआप विझली. आपल्या धाकट्या बहिणीकडे हे असं बघत होते की जणू तिची ओळख आत्ता होत होती.

निम्मा जोड गेला. आणखी दहा गेली. वन्सं आता जिना उतरत असणार, लीनाबौदींचं दार मागं पडलं असणार.

"किलवरचा राजा," त्या म्हणाल्या. आणि थांबल्या.

प्रोफेसरांनी पुढच्या पानाचा कोपरा अंगठ्यानं उचलून ठेवला होता. मला मागून दिसलं. काळी राणी.

माझ्या ध्यानात आधी आलं ते हे, की त्या थांबल्या होत्या. इतक्या दिवसांत त्या इथं कधीच थांबल्या नव्हत्या, सरळ पुढं जायच्या. आज पाय थांबले होते. पण तोंडातून शब्द निघत नव्हता. खाली एक ट्राम आली, थांबली, गेली. माझ्या घशात खोकला अगदी दाटून आला, खरा खोकला. मी पदर तोंडात कोंबला. एका साध्या खोकल्यानं ह्या बाईचं आयुष्य सावरणार होतं आणि तो गिळणं मला किती जड गेलं ते माझं मला माहीत.

"श्यामल," हे हलक्या आवाजात म्हणाले, "राहू दे आता. पुष्कळ झालं."

प्रोफेसरांनी हात वर केला. "थांबा."

वन्संचे डोळे मिटलेलेच होते. त्यांनी डावा हात पुढं घेतला, त्यात काही धरलेलं असावं तसा. उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट त्यात टेकवलं. ते बोट वर आलं आणि चार पुरुषांच्या समोर त्यांनी ते स्वतःच्या कपाळाला लावलं, भुवयांच्या मधोमध. पुन्हा खाली नेलं आणि पुन्हा लावलं. आधी हळद, मग कुंकू.

"इस्पिकची राणी," त्या म्हणाल्या.

पुढची पानं मला धड ऐकूही आली नाहीत. ती सगळी बरोबर होती. शेवटचं पान टेबलावर पडलं तेव्हा प्रोफेसर उठून उभे राहिले. 'भीषण' नाही, 'सुंदर' नाही, एक शब्द नाही. ते उठले म्हणून बँकेतले दोघेही उठले. हे मात्र बसूनच होते. त्यांनी ते बोट पाहिलं होतं, आणि ते काय होतं हे त्या टेबलावर ह्यांच्याइतकं कुणालाच कळलं नसेल, कारण बहिणीचं कुंकू पुसलं तेव्हा हे तिथं हजर होते. मग म्हणाले, "उद्या वाईला कळवतो. आणि फॉर्म आणतो." आणि उठून आतल्या खोलीत गेले. कॉटखाली ट्रंक परत सरकवल्याचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

स्वयंपाकघरात वन्संनी चहाचं आधण ठेवलं होतं. मी त्यांना मिठीच मारली. "जिंकलात हो! काय डोकं आहे तुमचं, काय डोकं आहे! पण आज थांबलात कशा तिथं?"

"मी कुठं थांबले," त्या म्हणाल्या. "मी नेहमीसारखी पुढच्या माणसाकडे वळले होते. तिनं माझा पदर धरला. सोडेचना. मग काय करणार, लावलं तिला."

त्यांनी चहाची पूड टाकली, झाकण ठेवलं. चेहरा असा दिसत होता की मला त्यांच्यावरून नजर काढवेना.

"लावून झाल्यावर तिनं काय केलं माहीत आहे? माझ्या हातातली कुयरी घेतली आणि मला उलट लावलं."

रीतच आहे ती आपल्याकडे. ज्या बाईनं आपल्याला हळदीकुंकू लावलं, तिला आपणही लावायचं. त्यात सांगण्यासारखं काय, असं माझ्या मनात आलं, आणि तेवढ्यात त्या पुढं म्हणाल्या, "इतके दिवस मी दारापासून ट्रामपर्यंत सगळ्यांना लावत होते, वहिनी. माहेरच्यांना, सासरच्यांना, आळीतल्यांना. सगळ्यांनी लावून घेतलं. उलट कुणी लावलं नाही."

त्या कप मांडू लागल्या.

"तुम्हीसुद्धा नाही," म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती, जे मनात दिसलं होतं ते सांगत होत्या. बाहेर प्रोफेसरांना आता वाचा फुटली होती आणि ते वन्संना हाका मारत होते. त्या ट्रे उचलून बाहेर गेल्या, आणि मी चुलीपाशी तशीच उभी राहिले.